एक दात आधी

सिकंदरने ब्रश पुढे केला तसा अण्णाप्पाने मध्ये हात घातला.

"थांबा. केस कसलं हैत ह्येला?"

"घोड्याचं."

"डुकराचं न्हाईत न्हवं?"

"आवो पावणं, डुकराचं असतं तर मी तरी हातात धरलं असतं व्हय?"

अण्णाप्पाला ते पटलं, पण पुरतं नाही. "तरीबी जीवच की त्यो," असं म्हणून त्याने लेकीच्या तोंडापुढे धरलेला हात तसाच ठेवला. शेवटी सिकंदरने ब्रश कपाटात टाकला, बाभळीची काडी घेतली, तिच्या टोकाला कापूस गुंडाळला आणि अण्णाप्पाला दाखवली. काडी चालली. औषधात दारू नाही ना, हेही विचारून झालं. चूळ भरायला पाणी अण्णाप्पाने घरूनच आणलं होतं, तांब्यात, वर फडकं बांधून. जैन गिऱ्हाईक म्हटलं की एवढं आलंच, आणि सिकंदरला त्याचा राग येत नसे. तोंडात काय जातंय ते विचारणाऱ्या माणसाला दातांची कदर असते, असं त्याचं मत होतं.

खुर्चीत अण्णाप्पाची लेक बसली होती. पद्मावती तिचं नाव, वय बावीस-तेवीस. कागलच्या पलीकडच्या गावातून बापलेक पहाटेच गाडी जुंपून निघाले होते, आणि तिच्या पदरावर अजून वाटेची धूळ होती. कपाळ मोकळं. मनगटं मोकळी. सिकंदरने एका नजरेत पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"मालक?" त्याने अण्णाप्पाला हळूच विचारलं.

"मानमोडीच्या साथीत गेला. दीड वर्स झालं." अण्णाप्पाने घसा खाकरला. "हिचं दात पांढरं करायचं. कशापाय त्ये इचारू नका."

सिकंदरने विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? लग्न झालेल्या बाईने दातवण लावून दात काळे करायचे, ही रीत. काळे दात म्हणजे नवरा जिवंत. तो गेला की दातवण बंद. आधीचं लावलेलं मग आपोआप झिजत जायचं, कुणाचं सहा महिन्यांत, कुणाचं दोन वर्षांत. पद्मावतीचं अजून पुरतं झिजलं नव्हतं. कडेने थोडं फिकट झालं होतं, पण मधलं काळं तसंच होतं, पिकल्या जांभळासारखं. गावात बायका काय बोलत असतील ते सिकंदरला न सांगता कळलं. रांडेच्या तोंडात अजून काळं कसं? चोरून लावते काय? आणि त्या बोलण्याला कंटाळून बाप लेकीला घेऊन आला. एवढं सगळं त्याने त्या दोन वाक्यांवरून स्वतःच रचलं आणि त्यावर विश्वासही ठेवला.

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाच्या अडतींना लागूनच त्याचं दुकान होतं. पुढे पाटी: 'दात पांढरे करून मिळतील. एका बैठकीत.' डिग्री-बिग्री काही नव्हती, पण हात होता. मुंबईला एका पारशी दंतवैद्याकडे आठ वर्षं त्याने आधी भांडी विसळली, मग हत्यारं पुसली, मग डॉक्टर जेवायला गेला की गिऱ्हाइकांची तोंडं बघितली. तिथलीच जुनी लोखंडी खुर्ची आगगाडीने इकडे आणलेली. दरबारातले कारकून, वकील, फोटो काढून घ्यायच्या आधी येणारे हौशी पाटील, सगळे त्या खुर्चीत बसून गेले होते. अलीकडे तर शिकलेल्या नवऱ्यांच्या बायकाही येत. नवऱ्याला काळे दात आवडत नाहीत म्हणून येत, आणि तोंड उघडून आढ्याकडे बघत बसत.

काय निघतं आणि काय निघत नाही, हे तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगे. पानाचा, तंबाखूचा डाग निघतो. विहिरीच्या पाण्याने आलेले पिवळे पट्टे जन्मात निघत नाहीत. त्यावर पैसे घालवू नका, घरी जा. आणि दातवण? ते तर सगळ्यात सोपं. हिरडा, मायफळ आणि हिराकस. शाईसुद्धा याचीच होते. शाईचा डाग ज्या आंबट मिठाने जातो, त्याच मिठाच्या पाण्याने दातवणही जातं. हिरड्यांना मेण लावायचं, काडीने औषध फिरवायचं, खडूची पूड चोळायची, चूळ भरायची. संपलं.

त्यात त्याचा एक नेम होता. आधी एकच दात करायचा. मग आरसा हातात द्यायचा आणि विचारायचं, बाकीचे करू? हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण दाताला लागतोच. गिऱ्हाईक हो म्हणालं तर पुढे जायचं, नाहीतर तेवढ्यावर सोडायचं. लोकांना वाटे, धंद्याची युक्ती आहे. ती युक्ती नव्हती.

त्याने पद्मावतीच्या हिरड्यांना मेण लावलं आणि औषधाच्या बाटलीचं बूच काढलं. आंबूस वास सुटला. तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"खरंच निघतंय व्हय?"

 डोळे काठोकाठ भरले होते, आणि दोन्ही हातांनी तिने खुर्चीचे दांडे असे धरले होते की बोटं पांढरी पडली होती.

सिकंदरचा हात तिथेच थांबला. हे डोळे त्याने एकदा बघितले होते, याच खुर्चीत.

खैरुनबी त्याची बायको. मुंबईत गाठीच्या तापाची साथ आली म्हणून तो कोल्हापुरात पळून आला तेव्हा लग्नाला दोनच वर्षं झाली होती. स्वतःची खुर्ची, नवं औषध, आणि अंगात रग अशी की सगळ्या गावाला करामत दाखवावी. त्याची थोरली बहीण सुलतानबी आणि शेजारच्या चार बायका जमल्या. बायकोला खुर्चीत बसवलं. तिच्या दातांना मिस्सी, म्हणजे मुसलमान बायकांचं दातवणच, होती, सासरी आल्यावर मोठ्या बायकांनी लावलेली. ती हसत हसत बसली. तिला वाटलं, एकच दात दाखवणार. पहिला दात पांढरा झाला तशा बायका "या अल्ला" म्हणून ओरडल्या. सिकंदरला चढलं. त्याने दुसरा केला, तिसरा केला, सगळे केले. खैरुनबीचं हसू मध्येच कधी गेलं ते त्याने पाहिलंही नाही, शेवटी दिसले ते काठोकाठ भरलेले डोळे. नंतर कितीतरी दिवस ती ओढणीचा काठ तोंडाला लावूनच बोलायची. रागावली नाही, रडली नाही, एक शब्दसुद्धा काढला नाही. सण बघून मिस्सी पुन्हा लावू असं सुलतानबी म्हणत होती, पण सणाच्या आधी गाठीचा ताप कोल्हापुरात आला आणि तिसऱ्या दिवशी खैरुनबी गेली. मयताला आंघोळ घालणाऱ्या बायका आत बोलत होत्या ते दाराबाहेर उभ्या असलेल्या सिकंदरने ऐकलं: "नवरा बाहेर हुबा हाय, आणि हिच्या तोंडाला मिस्सी न्हाई."

त्याला वीस वर्षं झाली होती. दुसरं लग्न त्याने केलं नाही. लोक आधी विचारत, मग विचारेनासे झाले. संध्याकाळी दुकान बंद करून तो घरी जाई, सुलतानबीने पाठवलेली भाकरी खाई आणि भिंतीकडे तोंड करून झोपे. आयुष्यात किती हजार दात पांढरे केले याचा हिशेब नव्हता. काळे राहू द्यायला हवे होते ते सोळाच.

सिकंदरने बाटलीला परत बूच लावलं.

काडी त्याने नुसत्या खडूच्या पाण्यात बुडवली आणि पद्मावतीच्या पुढच्या दातावर फिरवायला लागला. चांगली दहा मिनिटं फिरवली, कपाळावर घाम आणून फिरवली. काळं होतं तिथेच राहिलं.

"न्हाई निघत," तो म्हणाला.

"न्हाई म्हंजे?" अण्णाप्पा उठून जवळ आला. "आवो, तुमच्या नावाचा एवढा डंका ऐकून आलाव आमी."

"मुरलंय. आत उतरलंय दाताच्या."

"जरा जोर लावा की मग."

"जोर लावून दात जाईल, अण्णा. काळं न्हाई जायचं."

त्याने आरसा पद्मावतीच्या हातात दिला. ती बराच वेळ त्यात बघत राहिली. मग डोळ्यांतलं पाणी गालांवर ओघळलं आणि ते पुसायचंही तिला सुचलं नाही. सुटली बिचारी, सिकंदरला वाटलं. त्याच्या छातीवरून कुणीतरी धोंडा उचलल्यासारखं झालं.

अण्णाप्पा मात्र अगदी खचून गेला. दाराशी जाऊन परत आला. भिंतीजवळच्या काचेच्या कपाटापाशी उभा राहिला. त्यात लाल कवळीवर बसवलेले दात ठेवले होते.

"ह्ये काय?"

"बशिवायचं दात. ज्येंचं पडल्यात त्येंच्यासाठी."

"हाडाचं?"

"न्हाई न्हाई. चिनी मातीचं. मुंबईसनं येत्यात."

अण्णाप्पाने मान हलवली. पैसे काढायला लागला तर सिकंदरने हात जोडले. काम झालं नाही, पैसे कसले? बापलेक गाडीत बसून गेले. गाडी वळेपर्यंत सिकंदर पायरीवर उभा होता.

त्यानंतरचे दोन महिने सिकंदरला बरे गेले. बरे म्हणजे वीस वर्षांत गेले नव्हते इतके बरे. गावात गवगवा झाला, नाही असं नाही. समोरचा अडत्या ज्ञानू येता-जाता खेचायचा.

"काय सिकंदरभाई, खेड्यातल्या पोरीनं हरिवलं म्हणं तुमाला?"

"हरलो बाबा," सिकंदर म्हणायचा.

"पाटी बदला मग. 'निघालं तर निघालं' असं लिवा."

यावर सिकंदर हसायचा. पूर्वी असं कुणी म्हणालं असतं तर त्याने महिनाभर त्याचं तोंड बघितलं नसतं. आपल्या कामाची बदनामी त्याने स्वतःच्या हाताने केली होती, आणि त्याला ती एखाद्या नव्या कोटासारखी मिरवावीशी वाटत होती.

कारण आता तो एकटा नव्हता, निदान त्याला तसं वाटत होतं. कागलच्या पलीकडे एका घरात एक बाई होती, जिने आपल्या माणसाची खूण तोंडात जपून ठेवली होती. ती गप्प राहून सगळं सोसत होती आणि तिचं मन कोल्हापुरात फक्त एकाला कळलं होतं. संध्याकाळी भाकरी खाताना तो तिचा विचार करी. त्यात वावगं काही नव्हतं. आता ती चुलीपुढे बसली असेल, असं त्याला वाटे. बाप बोलत असेल, ती उत्तर देत नसेल. मग आपणही उत्तर देत नसल्यासारखा तो गप्प बसे. दोन घरांत दोन माणसं आपापलं मेलेलं माणूस सांभाळून बसली आहेत, या कल्पनेने त्याला शांत झोप लागे.

"आजकाल भाकरी संपवाय लागलास," सुलतानबी म्हणाली. "काय मिळालं रं तुला?"

"काय न्हाई," तो म्हणाला. "एक चांगलं काम केलं."

"पैशाचं?"

"न्हाई."

"मग कसलं चांगलं!" म्हातारीने ताटली उचलली. पण तिलाही बरं वाटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर अंड्याचं कालवण आलं.

बैलांचा बेंदूर आठ दिवसांवर आला असताना गाडी पुन्हा दारात उभी राहिली. या वेळी पद्मावती पुढे होती आणि अण्णाप्पा मागे. ती कुणी सांगायची वाट न बघता खुर्चीत जाऊन बसली. ती वाळली होती. ओठांच्या कडा फुटल्या होत्या, आणि तिने तोंड उघडलं तेव्हा सिकंदरला हिरड्या दिसल्या. सुजून लाल झाल्या होत्या, दोन-तीन ठिकाणी खरचटल्या होत्या.

"ह्ये काय केलं?"

"विटंचा भुगा," अण्णाप्पा म्हणाला. "मग वाळू. मग राखुंडी आणि लिंबू. रोज सकाळ-संध्याकाळ. निगालं न्हाई. रगात तेवढं निगालं."

सिकंदरला काही समजेना. "गावात लई तरास देत्यात काय?"

"काढा," पद्मावती म्हणाली.

"काय काढू?"

"दात. वरचं आठ, खालचं आठ. तुमीच म्हणलासा, दात जाईल पर काळं जायचं न्हाई. मग दात जाऊं द्यात." तिने काचेच्या कपाटाकडे बोट दाखवलं. "त्यातलं बशिवा."

सिकंदरने तिच्या तोंडात बघितलं. एकही दात किडलेला नव्हता, हलणारा नव्हता. अशा दातांसाठी लोक नवस बोलतात.

"कशापाय?" त्याने विचारलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा विचारलं.

अण्णाप्पाने लेकीकडे बघितलं. तिने मान हलवली, तसा तो स्टुलावर बसला.

"आता लपवून काय करू? शिरोळकडची एक सोयरीक आलीया. मास्तर हाय. त्येची बायकोबी मानमोडीतच गेली, मागं एक ल्हान पोर हाय. सरकारांनी आता कायदा केलाय न्हवं, विधवेचं लगीन कागदावर सही-शिक्क्यानं हुतंय. माणूस चांगला. हिला दोनदा बगून गेला, हिलाबी पसंत हाय. पर त्येची आई आडून बसलीया. म्हणती, पयल्या दादल्याच्या नावाचं काळं तोंडात घिऊन माज्या चुलीम्होरं यायचं न्हाई. बेंदरापतोर थांबती म्हणली. न्हाईतर दुसरी बगनार."

"त्या दिशी का न्हाई सांगितलं?"

"बोलणी पक्की हुईपतोर तोंडातनं काढायचं न्हाई असं ठरलंतं. गावात मोडता घालाय धा जण टपल्यात. आमच्या भावकीतलंच धरून." अण्णाप्पाने उपरण्याने डोळे पुसले. "पांढरं झालं असतं तर तवाच उरकलं असतं सगळं."

  सिकंदर पद्मावतीला म्हणाला, आणि म्हणताना आपण विनवणी करतोय हे त्याचं त्यालाच ऐकू आलं,

"पर बाई, तुमच्या मालकाची आठवण हाय की ती. तेवढीच ऱ्हायलेली."

ती चमकून त्याच्याकडे बघायला लागली. हा माणूस कुणाबद्दल बोलतोय, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

"अकरा म्हैनं नांदली मी तितं," ती म्हणाली. "त्यातलं सात म्हैनं त्यो कापडाच्या गिरणीत सोलापूरला. चांगला हुता, वाईट न्हाई म्हणत मी. पर आता त्येचं तोंडबी नीट ध्यानात येत न्हाई. दातवण मातुर ध्यानात हाय. सासूनं दोघींकडनं धरवून लावलं. तीन दिस जेवाय आलं न्हाई, जीभ लाकडागत झाल्ती." मग तिने एकदम डोळे मिटले आणि तोंड उघडलं. "काढा तुमी. वराडनार न्हाई मी."

"मला न्हाई बगवायचं," अण्णाप्पा पुटपुटला आणि बाहेर पायरीवर जाऊन, पाठ फिरवून बसला.

चिमट्याकडे सिकंदरने हात नेला नाही. त्याला लाज वाटत होती. दोन महिने ज्या बाईच्या सोबतीने तो जेवला होता ती बाई कुठेच नव्हती. कधीच नव्हती. ही होती ती वेगळीच, आणि ही दोन महिने विटेच्या भुग्याने हिरड्या सोलत बसली होती. दोन घरांत दोन माणसं म्हणे! एकच होतं, भिंतीकडे तोंड करून झोपणारं.

त्याने सुजलेल्या हिरड्यांवर जपून मेण लावलं, दुखणाऱ्या ठिकाणी दोनदा लावलं. बाटलीचं बूच काढलं. काडी बुडवली. पुढच्या एका दातावर कापूस दोनदा फिरला, तिसऱ्यांदा फिरला, आणि काळं पातळ होऊन शाईच्या ओघळासारखं उतरायला लागलं. खडूची पूड. पाणी. पद्मावती मूठ आवळून चिमट्याची वाट बघत होती. जिभेला आंबट लागलं तसे तिने डोळे उघडले.

सिकंदरने आरसा दिला.

मधोमध एक दात पांढरा होता. तिने जीभ फिरवून बघितली. बोटाने चाचपून बघितला. मग आरशावरची नजर उचलून तिने त्याच्याकडे बघितलं.

"मुंबईसनं नवं औषध..." त्याने सुरुवात केली.

"बाटली तीच हाय," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता; बाहेर बापाला ऐकू गेला नसता. "तवा तुमी हीच उगाडलीती. वास आल्ता मला. परत झाकलीसा. मी बगितलं. मला वाटलं, बाईमाणसाला येवडं जालीम झेपायचं न्हाई म्हणून झाकली आसंल."

सिकंदर काडीवरचा ओला कापूस सोडवायला लागला.

"का झाकलीसा?"

"मला वाटलं," तो म्हणाला, "मला वाटलं, तुमाला ठेवायचं हाय."

 ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसती दमणूक होती.

"मला इचारायचं की."

बाहेर रस्त्यावरून गुळाच्या दोन गाड्या गेल्या.  सिकंदरने नवी काडी घेतली, नवा कापूस गुंडाळला. दुसऱ्या दाताशी काडी नेली आणि थांबला.

"ह्यो करू?"

"व्हय."

तो झाला. खडू, पाणी, चूळ.

"ह्यो?"

"व्हय."

प्रत्येक दाताला त्याने विचारलं. आधी तिला ते विचित्र वाटलं असावं, मग तिला त्याची सवय झाली, आणि पाचव्या-सहाव्यानंतर त्याने विचारायच्या आधीच ती आरसा बघून घ्यायला लागली. वरचे आठ झाले. खालच्यांना सुरुवात झाली. एका जागी हिरडीला औषध लागून ती कळवळली, तेव्हा तो थांबला, गार पाण्याचा बोळा धरला आणि पुन्हा विचारलं. एका बैठकीचं काम, अर्ध्या तासाचं. पण ऊन पायरीवरून उंबऱ्यावर आलं तरी ते चाललंच होतं.

"आवो, झालं काय?" अण्णाप्पाने पाठ न वळवताच हाक मारली. "वराडत कशी न्हाई ती?"

"चाललंय, अण्णा. दम धरा जरा."

शेवटी एक उरला. खालचा, डावीकडचा.

"ह्यो?" सिकंदरने विचारलं.

 तिने आरसा उजेडाकडे धरला. पांढऱ्या ओळीत तो एकटा काळा दात होता. तिने तो बघितला, ओठ मिटून घेतले, पुन्हा उघडून बघितला. काय आठवलं तिला, ती अकरा महिन्यांतलं काही आठवत होती की नुसतीच बघत होती, हे सिकंदरला कळलं नाही, आणि आपल्याला कळलं आहे असंही या वेळी तो धरून चालला नाही. तो काडी हातात घेऊन उभा राहिला. कापसावरचं औषध वाळून गेलं. त्याने तो कापूस काढून टाकला आणि नवा गुंडाळला.

"झालं का वो?" बाहेरून पुन्हा हाक आली.

"न्हाई अजून," सिकंदर म्हणाला. "एक ऱ्हायलाय. बाई बगत्यात."

"बगत्यात म्हंजे? काय बगत्यात?"

 बऱ्याच वेळाने पद्मावतीने आरसा मांडीवर पालथा ठेवला, आणि बाहेर बापाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "व्हय. ह्येबी काळं काढा."